साक्षीदार क्रमांक चार

बीड जिल्ह्यात आजवर कधीच खोटं न बोललेलं माणूस एकच होऊन गेलं, ते म्हणजे माझी आत्या. आणि ते माणूस सोबत घेऊन लग्नाला, मयतीला किंवा सोयरीक जमवायला जायची कुणाची छाती नव्हती. खोटं न बोलणारी माणसं जगात आणखीही असतील, पण ती निदान गप्प तरी बसतात. आत्या गप्प बसायची नाही. आणि बोलायची तेव्हा जेवढं डोळ्यांनी पाहिलं नि कानांनी ऐकलं तेवढंच बोलायची, त्यापुढे तीळभरही नाही. चौसाळ्याहून आत पाच-सहा किलोमीटरवर तिचं गाव. मी बीडला शाळेत मास्तर. फोन करून विचारावं, "आत्या, पाऊस झाला का गं?" तर पलीकडून उत्तर येई, "माझ्या अंगनात झाला." "आणि गावात?" "तिकडं गेले न्हाई अजून." माझ्या चुलतबहिणीसाठी स्थळ बघायला एकदा तिला नेलं होतं. परत येताना जीपमध्ये सगळ्यांनी पोराचं तोंड भरून कौतुक केलं, आणि माझ्या वडिलांनी हौसेनं आत्याला विचारलं, "तुला कसा वाटला?" आत्या म्हणाली, "बसलेला चांगला वाटला. उभा ऱ्हायलेला मी पाह्यला न्हाई." वडिलांचा जीव जो टांगणीला लागला, तो त्यांनी काहीतरी निमित्त काढून पोराला उभं बघायला पुन्हा माणूस धाडला तेव्हाच खाली आला. पोरगा चांगला सरळ उभा राहत होता. बहिणीचा संसार आज झकास चाललाय, पण भाऊजींनी ती गोष्ट अजून विसरलेली नाही.

गावातला एक दांडगा पुढारी वारला, त्याच्या दहाव्याला बायका "देवमानूस गेला गं" म्हणून गळे काढत होत्या. सगळ्यांचं एकेक वाक्य बोलून झालं, तरी आत्याचं तोंड बंदच. शेजारणीनं कोपरानं ढोसलं, तेव्हा ती म्हणाली, "एकदा यानं मला फाट्यापासून गाडीत बसवून घरी आनलं होतं. पावसाचे दिवस होते. ते चांगलं केलं." आणि डोळ्यांना पदर लावला. मला वाटतं, त्या दिवशी त्या माणसासाठी जेवढं खरं तेवढंच रडलेली ती एकटी असावी. पुढं शिवारात बिबट्या आल्याची आवई उठली, तेव्हा तर अर्ध्या गावानं तो पाहिला होता. कुणाला तो वासराएवढा दिसला, कुणाला रेड्याएवढा. एकाला तर त्यानं नावानं हाक मारायचीच बाकी ठेवली होती. वनखात्याची माणसं जबाब घेत फिरत आत्याच्या दारी आली. ती म्हणाली, "मी दोन डोळे पाह्यले. हिरवे होते. डोळ्याच्या मागं कोन होतं ते दिसलं न्हाई." त्या साहेबानं वही मिटली नि म्हणाला, "बाई, तुम्ही आमच्या खात्यात पाहिजे होता."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, आणि आम्ही ते नेतही होतो. पण त्याच स्वभावानं पुढं एका माणसाच्या जन्मठेपेचा निकाल फिरवला, आमच्या आत्याचं घर सात वर्षं तिच्याच माणसांना परकं केलं, आणि आम्हा सगळ्यांना, मला धरून, एका प्रश्नापाशी आणून उभं केलं. तो प्रश्न अजून तसाच आहे.

आत्या लग्न होऊन त्या गावात गेली तेव्हा तिचा धाकटा दीर अंकुश चार वर्षांचा होता. सासू आजारी, म्हणून त्याला न्हाऊ-जेवू घालायचं काम नव्या सुनेकडं आलं. आत्याला स्वतःचं मूल झालं नाही, आणि नवराही लवकर गेला. पुढं अंकुश मोठा झाला, त्याचं लग्न झालं, घरं वेगळी झाली तरी भिंत एकच राहिली. त्याची बायको कौसाबाई. त्या दोघी जावांचं सख्ख्या बहिणींहून बरं चालायचं. कौसाबाई बोलण्यात रंग भरणारी, आत्या तो पुसणारी; त्यामुळे दोघींच्या मधून जी बातमी बाहेर पडे ती बरोब्बर असे.

ते थंडीचे दिवस होते. दिवस मावळायच्या सुमाराला आत्या दारात बसून तुरी पाखडत होती. शिवाराकडं जाणारी वाट तिच्या घरावरूनच जाते. त्या वाटेनं अंकुश गेला. त्याच्या मागं दहा-बारा पावलांवर आणखी एक माणूस होता, डोक्याला कान झाकून रुमाल बांधलेला. आत्यानं मान वर केली तोवर दोघंही पुढं गेले होते. सकाळी ओढ्याच्या कडेला अंकुश मेलेला सापडला. डोक्यात घाव होता.

सुदाम नावाच्या शेजारच्या शेतकऱ्याशी अंकुशचं बांधावरून भांडण होतं, हे गावातल्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं. बांध दर वर्षी एक वीत इकडं की तिकडं सरकला, यावरून दोघांनी एकमेकांना काय काय म्हटलं होतं तेही सगळ्यांना पाठ होतं. सुदामला त्याच दिवशी धरलं. त्याच्या गोठ्यातून कुऱ्हाड जप्त झाली. आत्याचा जबाब घ्यायला हवालदार आला तेव्हा अंगणात पन्नास माणसं जमली होती आणि सगळी एकाच वेळी बोलत होती. आत्या मधोमध बसली होती, तिचे डोळे कोरडे होते, आणि तिच्या पायाशी कौसाबाई जमिनीवर डोकं आपटत होती. त्या गलक्यात कागदावर काय लिहिलं गेलं ते आत्याला कुणी वाचून दाखवलं नाही.

ते काय लिहिलं होतं हे तिला कळलं खटला उभा राहिल्यावर. साक्षीच्या आधी सरकारी वकिलांनी तिला बोलावून, तिच्याच नावानं लिहिलेला जबाब वाचून दाखवला: अंकुशच्या मागे सुदाम जाताना मी पाहिला. आत्या म्हणाली, "हे मी सांगितलं न्हाई." वकील म्हणाले, "आजी, तुमच्याच दिराचा खून झालाय." आत्या म्हणाली, "व्हय. पन हे मी सांगितलं न्हाई."

साक्षीच्या आदल्या दिवशी बीडला माझ्या घरी सगळे जमले होते. कौसाबाई, तिचे भाऊ, माझे वडील. सगळ्यांनी आत्याला समजावलं. मीही त्यातलाच. मला पक्की खात्री होती की सुदामनंच मारलं, आणि आजही मला कुणी हळूच विचारलं तर माझं मन कुठं झुकतं ते सांगायची माझी हिंमत नाही. मी म्हणालो, "आत्या, तुला दुसरं कोण वाटतं? सुदामच असणार ना?"

"असंल."

"मग तेवढं म्हण की."

"असंल म्हनते की मी. पाह्यला म्हनत न्हाई."

कौसाबाईनं तिच्यापुढं पदर पसरला. "बाई, तुमी त्यांना लहानाचं मोठं केलं. तुमच्या एका शब्दावर हाय समदं." आत्यानं तिचे हात धरले, पदर सारखा करून तिच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "कौसा, अंकुशला मी न्हाऊ घातलंय. त्याच्या मढ्यावर खोटं कसं टाकू?"

दुसऱ्या दिवशी ती साक्षीदार क्रमांक चार म्हणून पिंजऱ्यात उभी राहिली. शपथ घ्यायला सांगितलं तर म्हणाली, "घेते. पन न घेताबी तेच सांगनार हाय." वय विचारलं तर म्हणाली, "माझ्या जन्माला मी होते, पन ध्यानात न्हाई." न्यायाधीशांच्या ओठांच्या कडा हलल्या. मग सरकारी वकिलांनी विचारलं आणि तिनं पाहिलं तेवढं सांगितलं. मागचा माणूस सुदाम होता का, यावर तिनं आरोपीच्या पिंजऱ्याकडं नीट, बराच वेळ पाहिलं. सुदाम खाली मान घालून उभा होता. "मी पाठ पाह्यली," आत्या म्हणाली. "तोंड पाह्यलं न्हाई." उंची? "मी बसलेली होते. बसलेल्याला समदेच उंच दिसतात." चाल? "ढेकळातून चालला होता. ढेकळात समदे सारखेच चालतात." सरकारी वकिलांनी तिला फितूर म्हणून जाहीर करायची परवानगी मागितली. तो शब्द तिला कळला. बाहेर आल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, "फितूर म्हंजे शत्रूला मिळालेला, न्हाई का रे?" मी हो म्हणालो. ती रिक्षात बसली. कौसाबाई आमच्या रिक्षात बसली नव्हती.

आत्या फितूर होऊनसुद्धा सुदामला जन्मठेप झाली. गावात पेढे वाटले नाहीत, पण लोकांनी मोकळा श्वास घेतला. आमच्या घरातही तसंच. मला वाटलं, बरं झालं, आत्याचं खरंही राहिलं आणि न्यायही झाला, आता सगळं मिटेल. पण पंधरा दिवसांनी आत्या एकटी एसटीनं बीडला आली आणि म्हणाली, "त्या निकालाचा कागद मिळतो का? मला वाचून दाखव."

सुट्टीच्या दिवशी सकाळपासून मी तिला निकाल वाचून दाखवला. ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. बांधाचं भांडण आलं, तिनं मान हलवली. ते खरं होतं. कुऱ्हाड आली. तिच्यावरचं रक्त माणसाचं होतं, पण कुणाचं ते तपासणीत ठरवता आलं नव्हतं. आत्या म्हणाली, "गोठ्याला दार न्हाई त्याच्या. मी कितींदा तिथून शेण आनलंय." फाट्यावरचा दुकानदार आला. त्यानं दोघांना कडाक्यानं भांडताना पाहिलं होतं, पण चार दिवस आधी. आणि मग ते पान आलं. साक्षीदार क्रमांक चार फितूर झाली असली, तरी घटनेनंतर लगेच तिनं पोलिसांसमोर आरोपीचं नाव घेतलं होतं, ते विचारात घेण्याजोगं आहे, अशा अर्थाचं काहीतरी. मी ते सोप्या भाषेत सांगितलं. आत्या सरळ होऊन बसली.

"म्हंजे मी कोर्टात बोलले ते धरलं न्हाई, आन् जे बोललेच न्हाई ते धरलं?"

"तसंच म्हणायचं."

"मग तो माझ्यामुळं आत गेला?"

"एकट्या तुझ्यामुळं नाही, आत्या."

"पन माझ्या नावानं गेला." ती उठली, तोंडावर पाणी मारलं. "त्याच्या वर कोर्ट हाय का?"

सुदामची बायको मीरा. दर वर्षी दिवाळीनंतर मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जाणारी. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; त्या वर्षी नवरा आत, म्हणून कोयत्याला जोडीदार नव्हता, आणि ती दोन लेकरं घेऊन घरी बसली होती. गावात तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. भर दुपारी, सगळ्या गावासमोर, आत्या तिच्या दारात गेली. मीरानं पुढं मला सांगितलं, "मला वाटलं, माराया आल्या." आत्या म्हणाली, "तुझा नवरा चांगला हाय का वाईट ते सांगाया आले न्हाई. त्यानं केलं का न्हाई ते मला ठावं न्हाई. पन माझ्या तोंडी जे घातलं ते मी बोलले न्हाई. वर अपील करता येतं म्हनतात. चल."

मीरापाशी वकील करायचं बळ नव्हतं. पण अशा माणसांना वकील फुकट मिळतो, एवढं मला मास्तर म्हणून माहीत होतं. मी ते सांगितलं, अर्ज लिहून दिला, आणि खरं सांगायचं तर घाबरलो. ज्यानं आमच्या माणसाला मारलं असं मी मानत होतो, त्याच्यासाठी मी अर्ज लिहीत होतो. आत्या समोर बसून माझं अक्षर बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, तरी बघत होती.

त्यानंतर गावानं आत्याला टाकलं. वाळीत वगैरे नाही. ते आता कायद्यानं करता येत नाही, हे गावालाही कळतं. फक्त तिला कुणी जेवणावळीला बोलवेना. पिठाच्या गिरणीत तिचा डबा सगळ्यात शेवटी दळला जाई. माझ्या वडिलांनी, सख्ख्या भावानं, दोन वर्षं तिला राखीला बोलावलं नाही. ती आपणहून यायची, राखी बांधायची, "तू बोलावलं न्हाईस, ध्यानात हाय," असं सांगून चहा घेऊन जायची. पण कौसाबाईनं मधल्या भिंतीला असलेलं छोटं दार विटांनी बुजवून घेतलं, ते मात्र आत्याला लागलं. गवंडी काम करत होता तेव्हा पलीकडून आत्यानंच त्याला पाणी दिलं. मी चिडून म्हणालो, "तिला तू काही म्हणत का नाहीस?" ती म्हणाली, "ती चुकीचं करायली असं वाटत न्हाई मला. तिचा नवरा मेलाय. तिला कुनीतरी गुन्हेगार पाह्यजे. मी तिच्या हातातला काढून घ्यायले."

अपिलाची सुनावणी लागायला सात वर्षं गेली. मधल्या काळात सुदामचा बाप वारला, मीराची मोठी पोरगी नर्सिंगला लागली, आत्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आला. संभाजीनगरच्या हायकोर्टात सुनावणी आहे असं कळल्यावर तिनं इस्त्रीचं लुगडं काढलं. मी सांगितलं, "आत्या, अपिलात साक्षीदाराला बोलवत नाहीत. तिथं फक्त आधीचे कागद वाचतात."

"त्या कागदात मी हाय ना?"

"आहेस."

"मग चल."

सुदामच्या बाजूनं सरकारनं दिलेली वकीलबाई तरुण होती, तिशीचीही नसेल. बाहेरच्या व्हरांड्यात आत्यानं तिला गाठलं आणि अंकुशच्या लहानपणापासून सांगायला सुरुवात केली. ती मुलगी शांतपणे ऐकत राहिली नि म्हणाली, "आजी, तुम्हाला जे सांगायचंय ते तुम्ही सात वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. मला फक्त ते वाचायचंय." आत्या गप्प झाली. असं तिला गप्प करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

कोर्टात आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. पलीकडच्या टोकाला मीरा. बोलणं बरंचसं इंग्रजीत चाललं होतं. आत्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तिची नजर वकीलबाईच्या हातातल्या कागदांवर होती. वकीलबाईनं आधी कुऱ्हाडीचं सांगितलं, मग दुकानदाराचं. मग न्यायमूर्तींनी काहीतरी विचारलं, आणि तिनं मूळ साक्ष काढून मराठीत वाचली: "मी पाठ पाहिली. तोंड पाहिले नाही. त्या माणसाने डोक्यास मफलर गुंडाळला होता."

"रुमाल," आत्या शेवटच्या बाकावरून म्हणाली. "रुमाल म्हनले होते मी."

शिपाई धावत आला. मी तिचा हात धरला. न्यायमूर्तींनी चष्म्यावरून मागं पाहिलं आणि वकीलबाईला काहीतरी विचारलं. तिनं वळून पाहिलं, कागदातलं दुसरं पान काढलं, जप्तीच्या यादीवरून बोट फिरवलं आणि काहीतरी उत्तर दिलं. नंतर तिनं आम्हाला सांगितलं, की सुदामच्या घरून एक मफलर जप्त करून आणला होता आणि खालच्या निकालात त्याचाही थोडा आधार घेतलेला होता; ती ओळ आत्याला वाचून दाखवताना माझ्याकडून निसटली होती. आत्याचं ते ओरडणं काही पुरावा नव्हतं, कोर्टानं ते धरलंही नाही. पण सरकारतर्फे बोलणाऱ्या वकिलांनी त्यानंतर मफलरवर फारसा जोर दिला नाही, एवढं मीही पाहिलं.

निकाल काही आठवड्यांनी लागला. सुदाम सुटला. आत्या त्या दिवशी बीडला माझ्याकडंच आलेली होती; वकीलबाईनं फोनवर सांगितलं ते मी तिला समजावलं: भांडण होतं म्हणजे खून केला असं होत नाही, उघड्या गोठ्यातली कुऱ्हाड आणि कुणाचं ते न ठरलेलं रक्त यावरून माणूस बांधता येत नाही, पोलिसांनी लिहून घेतलेला जबाब हा पुरावा नाही, कोर्टात शपथेवर सांगितलं तोच पुरावा, आणि संशय कितीही दाट असला तरी तो संशयच. आत्यानं विचारलं, "म्हंजे त्यानं केलं न्हाई असं म्हनले का?"

"नाही. त्यानं केलं हे सिद्ध झालं नाही, असं म्हणाले."

"बराबर हाय," ती म्हणाली. "एवढंच म्हनता येतं."

पण तिचा चेहरा काही जिंकलेल्या माणसाचा नव्हता. त्याच दिवशी दुपारी मी तिला सोडायला गावी गेलो. आम्ही अंगणात पाऊल टाकलं तर कौसाबाई तिच्या दारात उभी होती. सात वर्षांत ती आत्याशी बोलली नव्हती.

"सुटला म्हनं."

"सुटला," आत्या म्हणाली.

"मग माझ्या मालकाला कुनी मारलं?"

आत्या उभीच राहिली. "मला ठावं न्हाई, कौसा."

"तुमाला ठावं न्हाई. कोर्टाला ठावं न्हाई. मग कुनाला ठावं हाय? का ते आपल्याच हातानं मेले?" कौसाबाईचा आवाज चढला नाही, तो आतल्या आत फाटत गेला. "तुमच्या खऱ्यानं त्याच्या बायकोला नवरा परत मिळाला. मला काय दिलं तुमच्या खऱ्यानं?"

आत्या होती तिथंच, अंगणातल्या मातीत, हळूहळू खाली बसली आणि रडू लागली. अंकुशच्या तेराव्यालाही ती रडली नव्हती. मी उठवायला गेलो तर तिनं हात झिडकारला. कौसाबाई बराच वेळ बघत राहिली. मग आत गेली आणि दार लावून घेतलं, पण कडी घातल्याचा आवाज आला नाही.

सुदाम घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आत्याकडं आला. पन्नाशीतच म्हातारा झाला होता. पाया पडायला वाकला तर आत्यानं पाय मागं घेतले. "माझ्या पाया पडू नगं. मी तुझ्यासाठी काही केलं न्हाई."

"काकू, देवाशप्पथ सांगतो, मी न्हाई मारलं."

आत्यानं त्याच्याकडं, साक्षीच्या दिवशी पाहिलं होतं तसंच, पण या वेळी तोंडाकडं पाहिलं. "तू म्हंतोस ते मी ऐकलं," ती म्हणाली. "च्या घेतोस का?" तो चहा न घेताच गेला. त्याला बहुधा दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. पुढं दोन महिन्यांत मीरा आणि तो ऊसतोडीला गेले ते तिकडंच, कारखान्याच्या गावी राहिले. बांधाकडचं शेत आता दुसराच कुणीतरी करतो.

आणि मग एका सकाळी कौसाबाई आत्याच्या दारात आली. मी सुट्टीत तिथंच होतो. तिच्या हातात कोरे कागद होते. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "मास्तर, अर्ज लिवायचा हाय. मोठ्या साहेबाला. सुदाम न्हाई तर कोन, ते शोधा म्हनून." मग आत्याकडं न बघता म्हणाली, "बाईंना संगं बसवा. त्या म्हनतील तेवढंच लिवा. जास्तीचं लिवलं की पुढं मोडतंय. पाह्यलं की आपन."

त्या दिवशी दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या. कौसाबाई सांगे, आत्या खोडे. "त्यांचं कुनाशी वैर नव्हतं," कौसाबाई म्हणे. "सुदामशी होतं," आत्या म्हणे. "बरं, सुदाम सोडून." "मला ठावं असलेल्यात न्हवतं, असं लिव." अर्जाचं एक पान लिहायला दुपार झाली. अखेरीस कौसाबाई वैतागून उठली, स्वतःच्या घरातून भाकरी आणि ठेचा घेऊन आली आणि आत्याच्या ताटात वाढत म्हणाली, "तुमच्यासंगं कागद लिवन्यापरीस चार एकर निंदलेलं परवडलं." दोघींचं बोलणं तिथून सुरू झालं.

पुढची अडीच-तीन वर्षं त्या दर एक-दोन महिन्यांनी बीडला येत. चौसाळ्याहून एसटी, स्टँडवरून चालत पोलिसांची मोठी कचेरी, अर्ज देणं, आधीच्या अर्जाचं काय झालं ते विचारणं. कचेरीतल्या माणसांचंही चुकत नव्हतं. इतक्या वर्षांनी हाती लागणार तरी काय? पण दोघींना चहा विचारायला ती माणसं चुकली नाहीत. एकदा एका अधिकाऱ्यानं सहानुभूतीनं म्हटलं, "आजी, आम्ही पूर्ण प्रयत्न करतोय." आत्या त्याला म्हणाली, "तुमी प्रयत्न करताना मी पाह्यलं न्हाई. पन तुमी नीट बोललात." तो माणूस आधी लाल झाला, मग त्यानं खरोखर जुनी फाइल मागवून घेतली आणि तासभर वाचली. एवढं झालं. त्यापुढं काही झालं नाही.

गेल्या थंडीत आत्या गेली. तीन दिवसांचा ताप. शेवटचे तीनही दिवस कौसाबाई तिच्या उशाशी होती. भिंतीतलं दार तिनं आधीच्या वर्षीच फोडून मोकळं केलं होतं. दहाव्याला बायका काय काय बोलत होत्या, मी ऐकत होतो. बोलण्यात रंग भरणारी कौसाबाई मात्र काहीच बोलली नाही.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला, "मास्तर, अर्जाचं बगाया जायचंय." मी शाळेतून रजा काढली. आम्ही दोघं कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईनं विचारलं, "तुमच्यासोबतच्या दुसऱ्या आजी नाही आल्या?" कौसाबाई म्हणाली, "त्या वारल्या." बाईनं नवा अर्ज घेऊन पोच दिली. कौसाबाईनं तो कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि आम्ही स्टँडवर आलो. चौसाळ्याच्या गाडीला वेळ होता. फलाटावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ घरघरत होतं, क्लासला आलेली पोरं पाठीवर दप्तरं लावून घोळक्यानं उभी होती. कौसाबाई समोर बघत म्हणाली, "मालकाचं कळंल, का न्हाई कळनार, ते आता माझ्या हातात न्हाई. पन बाईंशी मी सात वर्सं बोलले न्हाई, ते माझ्या हातात होतं."

गाडी लागली. मी तिला खिडकीजवळची जागा धरून दिली, आणि ती गर्दीतून वाट काढत, पिशवी छातीशी धरून आत चढली.